दहाच्या आत अंतिम सामना: नाताळच्या सुट्टीत वाडीची कबड्डी आणि भजनाची रात्र कशी भरवावी

नाताळचा आठवडा आला की कोकणातल्या वाड्या पुन्हा भरतात. भात झोडून झालेलं असतं, गवताच्या उडव्या रचलेल्या असतात, मुंबई-पुण्याचे चाकरमानी मुलाबाळांसकट येतात आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मळ्यातून माईकचा आवाज येतो. कुठे अंडरआर्म क्रिकेट, कुठे कबड्डी, कुठे देवळात भजन. आमच्या वाडीत कबड्डी असते आणि तिच्या आदल्या रात्री डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा आमनेसामने रंगणारा भजनाचा सामना. बरीच वर्षं मी या तयारीत आहे. पहिल्यांदाच स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना उपयोगी पडेल असं सगळं इथे क्रमाने लिहितो.

त्याआधी एका रात्रीबद्दल. एका वर्षी आमचा अंतिम सामना रात्री पावणेदोनला सुरू झाला. माईक दहालाच बंद केला होता, दव पडून माती चिकट झाली होती, मैदानाभोवती शाली गुंडाळलेले तीसेक पुरुष उरले होते. ज्या बायकांनी तीन दिवस बाहेरच्या संघांना जेवू घातलं, त्यांच्यातल्या एकीनेही तो सामना पाहिला नाही. म्हातारी माणसं आणि मुलं तर कधीच झोपली होती. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "शिट्टी ऐकली रे, कोण जिंकलं ते सकाळी पाण्यावर कळलं." ते माझ्या मनात रुतून बसलं. तेव्हापासून आम्ही सगळी आखणी रात्री दहापासून उलटी करतो. किती संघ घ्यायचे, सामना किती मिनिटांचा, दिवे किती, भजन कुठल्या रात्री, सगळं त्या एका वेळेवरून ठरतं.

तारीख: ऑक्टोबर संपायच्या आत

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलं आहे, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे २५ डिसेंबरचं तिकीट २६ ऑक्टोबरला खुलतं. कोकण रेल्वेच्या गाड्या नाताळात किती लवकर भरतात हे सांगायला नको. तारीख दिवाळीनंतर ठरवू म्हणालात तर मुंबईची निम्मी पोरं एसटीत उभी राहून येतील किंवा येणारच नाहीत. म्हणून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबई मंडळाची आणि गावच्या मंडळाची एकत्र बैठक घ्या आणि त्याच बैठकीत तारीख पक्की करा.

तारीख काढताना आधी पंचांग पाहा. देवदिवाळीनंतर जत्रांचा हंगाम असतो, दत्तजयंतीही बहुतेक वर्षी डिसेंबरात येते. शेजारच्या गावच्या जत्रेच्या दिवशी तुमच्या मैदानावर कोणी फिरकणार नाही. मग शाळेत जाऊन स्नेहसंमेलनाची तारीख विचारा आणि आजूबाजूच्या मंडळांना फोन करा. जमल्यास शुद्ध पक्षातले दिवस धरा. पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, घरी परतणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चांदण्याचा आधार मोठा असतो.

चार संध्याकाळी लागतात. पहिली भजनाची, पुढच्या तीन कबड्डीच्या.

जागा: मालकाने कुळीथ पेरायच्या आधी

भातकापणी झाली की मळा रिकामा दिसतो, पण तो रिकामा असतोच असं नाही. ओल आहे तोवर बरेच शेतकरी त्यात कुळीथ, चवळी किंवा वाल पेरतात. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मालकाच्या घरी जा आणि मंडळाच्या वयस्क माणसाला सोबत न्या. मालक मुंबईला असेल तर त्याच्याशी बोला, शिवाय जमीन प्रत्यक्ष जो कसतो त्याच्याशीही बोला. दोघांचा होकार साध्या कागदावर लिहून घ्या: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठला बांध फोडणार आणि तो परत कोण घालून देणार.

किती जागा हवी याचा हिशेब असा. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. महिलांचं आणि कुमार गटाच्या मुलींचं १२ बाय ८. प्रत्येक मैदानाभोवती किमान ४ मीटर मोकळी जागा ठेवा, कारण पकडीत सापडलेला खेळाडू रेषेपाशी थांबत नाही, तो गर्दीत जाऊन पडतो. दोन्ही मैदानं शेजारी-शेजारी घेतली तर साधारण ३० मीटर बाय २१ मीटर सपाट जमीन लागते, म्हणजे सव्वासहा गुंठे. प्रेक्षक त्याच्या बाहेर.

मैदानाची लांबी दक्षिणोत्तर ठेवा. सामने दुपारी साडेतीन-चारला सुरू होतात आणि डिसेंबरातला तिरका सूर्य पूर्व-पश्चिम मैदानावर एका बाजूच्या चढाईपटूच्या थेट डोळ्यांत जातो.

कागद

महिनाभर आधी तीन अर्ज तयार ठेवा. ग्रामपंचायतीला ना हरकत दाखल्यासाठी, पोलीस ठाण्याला कार्यक्रम आणि ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी, महावितरणला तात्पुरत्या वीजजोडणीसाठी. पोलिसांच्या अर्जाला जमीनमालकाचं संमतीपत्र, पंचायतीचा दाखला आणि जबाबदार पाच जणांची नावं व फोन नंबर जोडा. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर व्यासपीठावर कोण बसणार आणि फलकावर कोणाचे फोटो असणार हे ठाण्यात आधीच विचारून घ्या.

ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालणार नाही. पुढे त्यात वाद्यांचाही समावेश झाला. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं आणि ते दिवस जिल्ह्याच्या आदेशात दिलेले असतात. आपल्या तारखेला सवलत मिळाली तरी ती राखीव समजा, वेळापत्रक दहाचंच करा.

विजेच्या तारेवर आकडा टाकू नका. दवाने ओलं गवत, उघडा जोड आणि अनवाणी पोरं एकत्र आली की काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. तात्पुरत्या जोडणीचे पैसे हा या स्पर्धेतला सगळ्यात योग्य खर्च आहे.

पैसा

पावतीपुस्तक छापा, वर्गणी यूपीआयने आली तरी पावती फाडा आणि खर्च एकाच माणसाच्या हातून होऊ द्या. बक्षिसाची रक्कम वाढवत नेण्याच्या मी विरोधात आहे. रक्कम मोठी झाली की बाहेरून खेळाडू आणायची चढाओढ लागते आणि वाडीची पोरं राखीव खेळाडू होऊन बसतात. त्यापेक्षा प्रत्येक सहभागी संघाला गुडघ्याच्या पट्ट्यांचे जोड द्या, वर्षभर वापरले जातात.

संघ किती आणि सामने कसे बसवायचे

इथे बहुतेक मंडळं चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

बाद पद्धतीत जितके संघ, त्यातून एक वजा केला की तेवढे सामने. १६ संघ म्हणजे १५ सामने: ८ पहिल्या फेरीचे, ४ उपउपांत्य, २ उपांत्य, १ अंतिम. नियमाप्रमाणे पुरुषांचा सामना २०-५-२० मिनिटांचा असतो, म्हणजे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती. पण प्रत्येक डावात दोन्ही संघांना मिळणारे अर्ध्या मिनिटाचे विश्राम, पंचांनी थांबवलेला वेळ, संघ आत येणं-बाहेर जाणं धरलं की तासाच्या आत तो आवरत नाही. आठ सामने म्हणजे आठ तास. साडेतीनला सुरू केले तर साडेअकरा वाजले.

म्हणून पहिली फेरी १०-५-१० मिनिटांची ठेवा. एका सामन्याला ४० मिनिटं धरा. आठ सामन्यांना पाच तास वीस मिनिटं लागतात. दुपारी साडेतीनला पहिली शिट्टी झाली तर नऊला दहा मिनिटं कमी असताना मैदान मोकळं.

दुसऱ्या संध्याकाळी १५-५-१५, सामन्याला ५० मिनिटं. चारला सुरू करून दोन उपउपांत्य सामने घ्या, पावणेसहाच्या आसपास महिलांचे दोन उपांत्य सामने, मग उरलेले दोन उपउपांत्य. नऊला संपतं.

तिसऱ्या संध्याकाळी पूर्ण वेळेचे सामने. साडेचार आणि साडेपाचला पुरुषांचे उपांत्य, साडेसहाला महिलांचा अंतिम, साडेसातला पुरुषांचा अंतिम. साडेआठला बक्षीस समारंभ सुरू आणि नऊच्या आत माणसं घराच्या वाटेला.

सोळाहून जास्त अर्ज आले तर पहिल्या दिवशी दुसरं मैदान १३ बाय १० आखा आणि काही सामने समांतर घ्या. पंच दुप्पट लागतील हे लक्षात ठेवा. सोळा भरले नाहीत तर काही संघांना पुढे चाल द्यावी लागते, म्हणजे ते न खेळताच पुढच्या फेरीत जातात. समजा ११ संघ आले. २, ४, ८, १६ अशा दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांपैकी ११च्या वरची पहिली १६, म्हणून १६ वजा ११, पाच संघांना पुढे चाल. उरलेले सहा संघ तीन सामने खेळतात, तीन विजेते आणि पाच चालवाले मिळून आठ होतात. चिठ्ठ्या सगळ्या संघांच्या प्रतिनिधींसमोर, लहान मुलाच्या हाताने काढा आणि तक्त्याचा फोटो तिथेच सगळ्यांना पाठवा.

प्रवेशपत्रिकेवर पाच गोष्टी ठळक लिहा. संघात १२ खेळाडू, त्यातले ७ मैदानात. वजनाची मर्यादा किती (खुल्या गटात पुरुषांना ८५ किलो, महिलांना ७५). खेळाडू कुठल्या हद्दीतला हवा. सामन्याच्या अर्धा तास आधी हजेरी. आणि पुकारा झाल्यावर दहा मिनिटांत संघ उतरला नाही तर समोरच्याला पुढे चाल. हद्दीचा मुद्दा फार नीट लिहा. "ग्रामपंचायत मर्यादित" एवढंच लिहिलं की भांडण होतंच. लग्न होऊन गेलेल्या मुली, मामाकडे वाढलेला भाचा, ज्याचं घर गावात आहे पण आधारकार्डावर विरार आहे असा चाकरमानी, यांचं काय? आमच्याकडे एकदा एका संघाच्या एका खेळाडूवरून सामना दीड तास अडला. आता आम्ही लिहितो: "गावात स्वतःचं किंवा आईवडिलांचं घर असलेला, किंवा गावात जन्मलेला, किंवा लग्नाने गावात आलेला." आईचं माहेर धरायचं की नाही हेही तुमच्या मंडळाने आधीच ठरवून लिहावं. वजन पहिल्याच दिवशी, दुपारी दोन ते तीन, सर्वांसमोर घ्या.

मैदान: दहा दिवस आधीपासून

भाताची धसकटं कुदळीने मुळासकट काढा. वरवर कापून ठेवलेलं धसकट तळपायात सुरीसारखं घुसतं. मग अर्धा फूट माती खणून भुसभुशीत करा, वाळूच्या चाळणीतून चाळा आणि खडे बाजूला टाका. चिऱ्याचा बारीक तुकडाही राहता कामा नये, जांभा दगड कातडी खरवडून काढतो. माती चिकण असेल तर थोडी बारीक वाळू मिसळा. संध्याकाळी पाणी शिंपडा, सकाळी हलका रूळ फिरवा, असं चार-पाच दिवस करा. आपल्याकडे खळं चोपून टणक करायची सवय हातात असते. मैदानाला ती लावू नका. पडणाऱ्या खांद्याला माती थोडी दबली पाहिजे. मी हाताची मूठ जोरात आपटून बघतो. मूठ दुखली तर माती अजून सैल करायची, मनगटापर्यंत रुतली तर आणखी एकदा रूळ.

आखणी दोन माणसांत होते, पण टेप कापडी नको, पोलादी घ्या. चार कोपरे ठोकले की कर्ण मोजा. १३ बाय १०च्या मैदानाचे दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटीमीटर भरले पाहिजेत, १२ बाय ८चे १४ मीटर ४२. एक कर्ण जास्त आणि एक कमी भरला तर मैदान तिरकं आहे, खुंट्या सरकवा. मग मध्यरेषा, दोन्हीकडे साडेसहा मीटर. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३ मीटर ७५ सेंटीमीटरवर निदान रेषा आणि तिच्यामागे १ मीटरवर बोनस रेषा. महिलांच्या मैदानात निदान रेषा ३ मीटरवर, बोनस ४ मीटरवर. दोन्ही बाजूंना १ मीटरचं राखीव क्षेत्र, रेषा ३ ते ५ सेंटीमीटर जाड. बाद खेळाडूंच्या बसण्याची जागा अंतिम रेषेपासून २ मीटर मागे.

रेषा कशाने मारता यावर लक्ष ठेवा. बऱ्याच ठिकाणी चुना टाकतात. घामेजलेल्या अंगाला आणि डोळ्यांना चुना भाजतो, आणि कबड्डीत तोंडावर पडणं नेहमीचंच. साधी पांढरी रांगोळी वापरा. प्रत्येक सामन्यानंतर दोन मुलांनी रेषा पुन्हा ओढायच्या, त्यासाठी दोरी बांधून ठेवा आणि आखणी झाल्यावर खुंट्या उपसून टाका. खुंटी जमिनीत विसरली की पुढे कोणाचा तरी घोटा जातो.

दुपारी धूळ उडते म्हणून सामन्यांआधी हलकं पाणी मारा. संध्याकाळी सातनंतर मारू नका, दव ते काम करतं. दोन घमेली कोरडी चाळलेली माती बाजूला झाकून ठेवा, एखादा पट्टा निसरडा झाला तर उपयोगी पडते.

दिवे आणि आवाज

सव्वासहाला अंधारायला लागतं, म्हणून दिवे सहाला लावा. एलईडीचे झोत चारही कोपऱ्यांबाहेर, वीसेक फूट उंचीवर बांधा आणि त्यांचं तोंड मैदानाच्या मध्यावर खाली वळवा. मग स्वतः चढाईपटूसारखे आत जा, दोन्ही दिशांना, आणि डोळ्यांवर उजेड येतो का ते बघा. हे दिवसा कळत नाही, आदल्या रात्रीच बघावं लागतं. तारा माणसांच्या डोक्यावरून न्या, जोड जमिनीला लागू देऊ नका आणि मुख्य फळ्यावर गळती होताच वीज तोडणारी कळ बसवून घ्या. जनरेटर आणला असेल तर प्रेक्षकांपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

कर्ण्यांची तोंडं मैदानाकडे करा, डोंगराकडे नकोत. समालोचन करणाऱ्याला एकच सूचना: चढाई चालू असताना गुण सांगा, देणगीदारांची नावं विश्रामात.

भजनाची रात्र सगळ्यांत आधी

पूर्वी आम्ही भजन शेवटच्या रात्री ठेवत होतो. अंतिम सामना झाला की माणसं उठून जात आणि बुवा रिकाम्या सतरंजीपुढे गात. शिवाय डबलबारी परंपरेने रात्र जागवणारी, ती दहाच्या आत बसत नव्हती. आता भजन पहिल्या संध्याकाळी, देवळाच्या सभामंडपात, सहा ते पावणेदहा. चाकरमानी सकाळच्या गाडीने आलेले असतात, सगळ्यांच्या भेटी तिथेच होतात.

साडेपाचला ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. गावकर किंवा पुजारी मागणं मागतात आणि मंडपातली सगळी माणसं "होय महाराजा" म्हणतात. लहान मुलं पुढे बसवा. मुंबईत वाढलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा कळतं की आपण होय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही.

बुवांना ऑक्टोबरात तारीख ठरताच सांगा, कारण हंगामात चांगल्या मंडळींच्या तारखा मिळत नाहीत. ठरवताना वेळ स्पष्ट करा: दोन्ही बुवांच्या मिळून किती बाऱ्या, प्रत्येकाला किती मिनिटं, शेवटचा गजर साडेनऊला. ऐनवेळी हात दाखवून थांबवलं तर कलावंताचा अपमान होतो. आधी मोकळेपणाने सांगितलं तर ते त्या वेळेत बसेल अशीच बारी बांधून येतात. प्रवास, जेवण आणि मानधन किती ते लिहून द्या आणि मानधन कार्यक्रम संपताच पाकिटात हातात द्या. "नंतर पाठवतो" हे शब्द तिथे नकोत.

पखवाजाला जपा. थंडीत आणि दवात चामडं ओल धरतं, सूर उतरतो. सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा असेल तर वाऱ्याच्या बाजूला कनात लावा. पखवाजवाल्याला ताजी कणीक आणि तांब्याभर पाणी न मागता द्या. डाव्या पुडीवर तो कणीक थापतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो, अंगठ्याने कड दाबतो, थाप मारून कान देतो, आणि हवा तो घुमार मिळेपर्यंत त्याचं चालू असतं. तेवढी दहा मिनिटं त्याला शांतता द्या, माईकची "हॅलो हॅलो" त्या वेळी नको. माईक बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाच्या दोन्ही पुड्यांना एकेक, कोरसला दोन. झांजेला माईक देऊ नका, तिचा आवाज आपोआप पुरतो.

पंच आणि नियम

जिल्हा कबड्डी संघटनेकडे पंचांची मागणी लेखी करा. एका सामन्याला एक सरपंच (गावचा नव्हे, सामन्याचा मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. आठ सामन्यांच्या दिवशी दोन तुकड्या मागवा, सलग पाच तास शिट्टी वाजवणाऱ्या माणसाकडून चूक होणारच. गावातला माणूस, कितीही जाणकार असला तरी, पंच म्हणून नको.

२०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून लहान मुलांनाही तिसऱ्या चढाईचा नियम तोंडपाठ असतो. जुन्या माणसांच्या डोक्यात मात्र अजून संजीवनी, गमनी, अमर असे कबड्डीचे जुने प्रकार असतात. त्यामुळे पहिल्या दिवशी माईकवरून नियम सर्वांना सांगा: चढाई ३० सेकंदांची. बोनस गुण समोर किमान सहा बचावपटू असतील तेव्हाच. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली तर अव्वल पकड, एक गुण जास्त. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर चढाईपटू बाद. समोरचा सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण. बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया. "पंचांचा निर्णय अंतिम" हे वाक्य दोन्ही कर्णधारांच्या सहीच्या कागदावर असू द्या.

मुली आणि बायका

महिलांचे सामने दुपारी तीनला, रिकाम्या मैदानावर उरकू नका. वर दिलं तसं गर्दीच्या वेळेत ठेवा आणि बक्षीस त्याच व्यासपीठावर, तेवढ्याच मानाने द्या. मैदानाजवळच्या एका घरातली खोली कपडे बदलायला मागून घ्या, आत कडी आणि उजेड आहे का ते बघा. शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली तीन दिवस एका बाईकडेच असू द्या. पहिल्या वर्षी आमच्याकडे महिलांचे दोन संघ आले, त्यातला एक तर आदल्या दिवशी तयार झाला होता. खोली आणि किल्लीची सोय केल्यावर पुढच्या वर्षी चार आले.

लहान मुलांच्या शर्यती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शाळेच्या पटांगणात घ्या. लिंबू-चमचा, पोतं, तीन पायांची शर्यत. धावलेल्या प्रत्येकाला वही-पेन द्या.

दुखापत

मैदानाच्या टेबलावर नेलकटर ठेवा. सरपंच प्रत्येक खेळाडूची नखं बघतात, वाढलेली असतील तर तिथेच कापून घ्यायची. गळ्यातली साखळी, हातातला कडा, कानातली बाळी काढायची. अंगाला तेल चालत नाही.

प्रथमोपचाराच्या पेटीत जंतुनाशक, गॉझ, चिकटपट्टी, ताणपट्टी, दोन लाकडी फळ्या आणि थर्मासच्या डब्यात बर्फ ठेवा. मुरगळलेल्या पायाला चोळू नका. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा आणि पाय उंच ठेवा. डोकं आपटलं, उलटी झाली किंवा क्षणभर शुद्ध गेली तर तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, तो कितीही गयावया करो. मान दुखते म्हणाला किंवा हातापायाला मुंग्या आल्या म्हणाला तर त्याला कोणी उचलू नये, बसवू नये. डोकं सरळ धरून ठेवा आणि १०८ला फोन करा. रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावरून मळ्यापर्यंत कशी येणार, वाटेत दुचाक्या लावलेल्या नाहीत ना, हे रोज दुपारी एका ठरलेल्या मुलाने बघायचं. सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि तिथे रात्री डॉक्टर असतात का, हेही आधी जाऊन विचारा.

खाणंपिणं

खाण्याचा स्टॉल वाडीतल्या महिला बचत गटाला द्या आणि जागेचं भाडं घेऊ नका. भजी, उसळ-पाव आणि चहा एवढं पुरतं. पाणी मंडळाने फुकट द्यायचं, २० लिटरचे दहा जार रोज, दोन खेळाडूंसाठी वेगळे बाजूला. सोळा संघांचे बारा-बारा खेळाडू म्हणजे १९२ जण होतात. स्टीलचे पेले आणि धुवायला दोन मुलं ठेवलीत तर मळ्यात प्लास्टिक पडत नाही.

शेवटच्या रात्रीनंतर

बक्षीस समारंभाला वीस मिनिटं, भाषणं दोन, प्रत्येकी तीन मिनिटांची. आधी पंचांचा सत्कार, मग मैदान तयार करणाऱ्यांचा, पाहुण्यांचा त्यानंतर. चषक देऊन झाले की दिवे लगेच घालवू नका, शेवटचं माणूस पाखाडीला लागेपर्यंत दोन चालू ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळे खेळलेले आणि न खेळलेले मळ्यात. कचरा गोळा करायचा, बांबू मोजून परत करायचे, फोडलेला बांध दगडमातीने पुन्हा घालायचा आणि मालकाला बोलावून दाखवायचा. वीजजोडणी बंद करायचा अर्ज त्याच दिवशी, नाहीतर बिल चालू राहतं. आठ दिवसांत जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लावा.

आणि त्या सकाळी चहा पिताना एका वहीत लिहून ठेवा: दोरी किती कमी पडली, बर्फ कितीला संपला, कुठला दिवा डोळ्यांवर आला, रोज शेवटची शिट्टी किती वाजता झाली. आमची ती वही पावतीपुस्तक, पोलादी टेप आणि दोन शिट्ट्यांसोबत देवळातल्या पेटीत असते. गेल्या वर्षीच्या पानावर शेवटची नोंद आहे, "अंतिम सामना ८.२५ला संपला. काकू पहिल्या रांगेत."